दिवेलागणीला मिटणारा कॅमेरा

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या मालकांचा फोन आला. "दिवसा झकास चालायलेत बघा. अंधार पडला की गेटचा कॅमेरा डोळा मिटतोय. कधी कधी गोदामाचाही जातोय. दोन कॅमेरे बदलले, स्विच नवा टाकला. आता काय रेकॉर्डर बदलू का?" मी म्हटलं, "मालक, काहीच बदलू नका. मी संध्याकाळी येतो."

संध्याकाळी येतो म्हटलं त्याला कारण होतं. सोलापुरात कॅमेरे आणि नेटवर्कची कामं करायला लागून मला बारा वर्षं झाली. एवढ्या काळात पीओईची जी दुखणी पाहिली, त्यातली निम्मी सकाळी अकराला गेलं तर दिसतच नाहीत. पीओई म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट. ज्या नेटवर्क केबलमधून चित्र येतं, त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही जाते. ही वीज देतो स्विच, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबल जिथे येऊन जुळतात तो डबा. त्यातलं एकेका केबलचं भोक म्हणजे पोर्ट. वेगळी वायर ओढायची नाही, खांबावर सॉकेट बसवायचं नाही, म्हणून सगळ्यांना हे आवडतं. पण वीज आणि चित्र एकाच केबलमध्ये असलं की बिघाड कोणाचा हे ओळखणं अवघड जातं. चित्र गेलं की लोक कॅमेऱ्याला दोष देतात, कॅमेरा बदलून झाला की स्विचला. तार बिचारी पाइपात दडलेली असते, तिच्याकडे कोणी बघत नाही.

चार वाजता पोचलो. शेडमध्ये माग धडधडत होते, एकमेकांशी बोलायचं तर कानाजवळ तोंड न्यावं लागत होतं. मालक कामगारांशी तेलुगूत आणि माझ्याशी मराठीत बोलत आम्हाला मागच्या कोपऱ्यात घेऊन गेले. भिंतीवर पत्र्याची पेटी आणि तिच्यात सोळा पोर्टचा स्विच होता. पेटी उघडली आणि मी जरा वेळ नुसताच बघत राहिलो. स्विचवर सुताच्या धुळीची साय धरली होती. टॉवेल विणताना कापसाचे जे बारीक तंतू उडतात, ते पंख्याच्या जाळीत बसून बसून त्यांचा चक्क नमदा झाला होता. बोटाने ओढला तर अख्खा चौकोनी तुकडा हातात आला, जाळीच्या नक्षीसकट. आत पंखा फिरत होता, पण हवा ओढत नव्हता. पेटीत थर्मामीटर ठेवला तर दहा मिनिटांत ५१ अंश. स्विचच्या लेबलवर चालण्याची मर्यादा छापली होती ० ते ४० अंश. सोलापूरचा एप्रिल बाहेरच ४२ दाखवतो, त्यात पत्र्याची बंद पेटी आणि तीही मागाच्या शेडमध्ये.

मालकांना विचारलं, "दुपारी तीन-साडेतीनला सगळेच कॅमेरे एकदम जातात का कधी?" ते चमकले. "आठवड्यातनं एकदा जातात की. आम्हाला वाटलं लाइट कमी-जास्त होत असंल." तो एक बिघाड तिथेच सापडला. स्विच तापला की आतला पॉवर सप्लाय स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो आणि थोडा निवला की परत उठतो. तोवर कोणीतरी मेन स्विच बंद-चालू केलेला असतो, त्यामुळे सगळ्यांची समजूत होते की त्यानेच चालू झालं. ब्लोअरने पेटी साफ केली. शेडच्या भिंतीपलीकडे, जिथे टॉवेल घड्या घालून बांधतात तिथे, ती हलवायची असं ठरलं. केबलला तेवढी ढील होती.

पण फोन ज्यासाठी आला होता तो बिघाड हा नव्हता. गेटचा कॅमेरा संध्याकाळी जात होता, आणि संध्याकाळी तर पेटी थंड व्हायला लागते.

गेटवरचा कॅमेरा पीटीझेड होता, म्हणजे फिरणारा, झूम करणारा. बाकीचे बारा साधे, एका जागी बघणारे. स्विचपासून गेटपर्यंत केबल साधारण ९० मीटर. नियमात १०० मीटरपर्यंत चालतं, म्हणजे अंतर बसत होतं. मागच्या फिटरने तरी अंतराची भीती धरून स्विचवरचं एक्स्टेंडचं बटण चालू करून ठेवलं होतं. या जातीच्या स्विचला ते बटण असतं. ते सरकवलं की २५० मीटरपर्यंत जाता येतं, पण पोर्टचा वेग १० एमबीपीएसवर उतरतो. पीटीझेडचं चित्र अडकत होतं ते त्यामुळे. बटण बंद केलं, चित्र सरळ झालं.

मग मी स्विच आणि गेटच्या केबलच्या मधे पीओई टेस्टर लावला. काडेपेटीएवढं यंत्र आहे. एका बाजूला स्विच, दुसऱ्या बाजूला केबल, मधे छोटा पडदा, त्यावर व्होल्ट आणि वॉट. माझ्या पिशवीत याच्याएवढी कामाची दुसरी वस्तू नाही. साडेपाच वाजता आकडा होता ५२ व्होल्ट, ९ वॉट. कॅमेरा निवांत होता. माझ्यासोबतचा पोरगा म्हणाला, "चालतंय की दादा सगळं." मी म्हटलं, थांब. आम्ही गेटवरच्या वॉचमन मामांकडे जाऊन बसलो. त्यांनी डबा सोडला, कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा. ते कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे रोज असंच करायलंय. सात वाजले की याच्या तोंडावर लाल दिवे पेटतात, मान वळवतंय, आणि फटकन मरतंय. परत जागं होतंय, परत मरतंय. रात्रभर."

मामांनी जे चार शब्दांत सांगितलं, ते आधीच्या कोणी विचारलंच नव्हतं. लाल दिवे पेटतात आणि मान वळवतो. रात्री दिसावं म्हणून कॅमेऱ्याच्या तोंडाभोवती इन्फ्रारेडचे दिवे असतात, अंधार झाला की ते आपोआप लागतात आणि कॅमेऱ्याचं वीज खाणं एकदम वाढतं. त्यात फिरायची मोटर चालली की आणखी वाढतं. दिवसा हा गडी ९ वॉटवर जगतो, रात्री २४ मागतो.

सातला आम्ही पेटीपाशी होतो. आकडा चढायला लागला. १४, २२, २६. मालकांनी मोबाइलवरून कॅमेरा फिरवला. २९. ३१. आणि पडदा शून्य. दोन-तीन सेकंदांनी पोर्टचा दिवा परत लागला, कॅमेरा उठला, स्वतःला चाचपत मान फिरवली, दिवे लावले, आणि परत ३१ वर जाऊन शून्य.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण हा आकडा कळला तर पुढचं सगळं कळतं. पीओईचं पहिलं मानक २००३ सालचं, ८०२.३ एएफ. त्यात पोर्ट जास्तीत जास्त १५.४ वॉट सोडतो आणि उपकरणाला हक्काचे मिळतात १२.९५. मधला फरक तार खाते, आणि मानक लिहिणाऱ्यांनी तो आधीच धरलेला आहे. २००९ साली ८०२.३ एटी आलं, त्यात पोर्टला ३० वॉट आणि उपकरणाला २५.५. २०१८ च्या ८०२.३ बीटीत पोर्ट ९० वॉटपर्यंत जातो, पण तसे स्विच आपल्याकडच्या कारखान्यांत क्वचित दिसतात. आमचा पीटीझेड एटीचा होता. २४ वॉट मागणं त्याचा हक्क होता. प्रश्न असा की कॅमेरा २४ घेतो तर पोर्टमधून ३१ का निघतात? मधले सात वॉट जातात कुठे?

तारेत. दुसरी जागाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून कॅमेरा उतरवला. तो पेटीपाशी आणून दोन मीटरच्या चांगल्या कॉर्डने त्याच पोर्टला लावला. शेडमध्ये उजेड होता, म्हणून सेटिंगमधून नाइट मोड सक्तीने चालू केला आणि पोराला सांगितलं, याला गोल गोल फिरवत राहा. हे माहीत असलं तर रात्रीची वाट बघावी लागत नाही, भर दुपारीही कॅमेऱ्याला रात्र करता येते. पाऊण तास फिरवला. आकडा २४ च्या वर गेला नाही, कॅमेरा एकदाही पडला नाही. म्हणजे कॅमेरा निर्दोष, स्विचही निर्दोष. मालकांच्या चेहऱ्याकडे बघवेना. दोन कॅमेरे आणि एक स्विच यांचे पैसे त्यांनी उगाच भरले होते.

आता केबल. साधा टेस्टर लावला, तो आठ दिव्यांचा. आठही दिवे ओळीने हिरवे. पोरगा परत म्हणाला, "केबल ओके आहे." मला या टेस्टरबद्दल मनापासून बोलायचंय, कारण नवीन मुलं त्याच्यावर देवासारखा विश्वास ठेवतात. तो फक्त एवढंच सांगतो की या टोकाची तार त्या टोकाला पोचते. त्याच्यातून वाहणारा करंट इतका किरकोळ असतो की केसाएवढ्या धाग्याने जोडलेली तारही त्यात पास होते. ०.६ अँपिअर सोडल्यावर तीच तार दम तोडते. पायवाट आहे म्हणून तिच्यावरून मालट्रक जाईलच असं नसतं.

मग मल्टिमीटर घेतला. केबल दोन्ही टोकांना सोडवली, स्विचलाही नाही आणि कॅमेऱ्यालाही नाही. गेटच्या टोकाला तपकिरी आणि तपकिरी-पांढरी या दोन तारा एकमेकींना पिळून जोडल्या. इकडच्या टोकाला त्याच दोन तारांवर मीटर ओहमवर लावला. म्हणजे वीज जाऊन परत येते त्या पूर्ण वाटेचा रोध मिळतो. शुद्ध तांब्याच्या साध्या कॅट फाइव्ह-ई केबलला ९० मीटरला हा आकडा १५-१६ यायला हवा, फार तर १७. मीटरने दाखवले ४१. पोराला म्हटलं, हिरवी जोडी घे. ४०. निळी, ४०. नारिंगी, ४३, आणि केबल हलवली की ५० वर जाऊन परत खाली.

ब्लेडने तारेचं टोक खरवडलं. वरचा लालसर थर गेला आणि खाली पांढरा धातू चमकला. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. बाजारात याला सीसीए म्हणतात. दिसायला तांबं, वजनाला हलकं, दराला स्वस्त. जाडी तेवढीच असली तरी तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, आणि इथे तर तारही बारीक होती. बॉक्सवर मात्र कॅट फाइव्ह-ई असंच छापलेलं असतं आणि गिऱ्हाइकाला आतली तार कोण दाखवतंय? चित्र पाठवण्यापुरती ती चालून जाते. ४ वॉटच्या कॅमेऱ्याला जवळच्या अंतरावर वीजही नेते. म्हणूनच ती इतकी खपते. तिचं खरं रूप दिसतं लांबच्या अंतरावर, भुकेल्या उपकरणाला, रात्री.

मालकांना कागदावर हिशोब दाखवला, तो इथेही मांडतो. पीओई जाताना दोन तारा आणि येताना दोन तारा वापरतं, म्हणून वाटेचा खरा रोध ४० च्या निम्मा, २० ओहम. ०.६ अँपिअर वाहिले की २० ओहमवर १२ व्होल्ट पडतात. स्विचकडे ५२, कॅमेऱ्याकडे ४०. कॅमेऱ्याला २४ वॉट हवेत, ४० व्होल्टवर त्याला बरोबर ०.६ अँपिअर ओढावे लागतात. तिकडे ५२ गुणिले ०.६ म्हणजे ३१.२ वॉट, पोर्टची हद्द ३०. पोर्ट कापतो. तो बिघडलेला नव्हता, आपलं काम नेमानं करत होता. मालक कागद हातात घेऊन बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "म्हणजे नवीन स्विच पण तेच करणार होता." होय. आणि नवीन कॅमेराही.

नारिंगी जोडी हलवली की आकडा उड्या मारत होता, त्याचं कारण ६० मीटरच्या आसपास सापडलं. भिंतीच्या कडेला टेपने गुंडाळलेला जोड. टेप उन्हाने चिवट काळी झाली होती, सोलताना हाताला चिकटत होती. आत आठ तारा नुसत्या पिळून ठेवल्या होत्या. पिळलेल्या जागी मुलाम्याला चिरा गेल्या होत्या, खालचं अ‍ॅल्युमिनियम उघडं पडून त्यावर करडट पांढरी भुकटी आली होती. अ‍ॅल्युमिनियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा थर धरतो आणि त्या थरातून वीज जात नाही. तो जोड मी पोराच्या हातात दिला आणि म्हटलं, हा तुझ्या पेटीत ठेव. टेस्टरने याला ओके म्हटलं होतं.

नव्या पेठेतून शुद्ध तांब्याचा कॅट सिक्सचा बॉक्स आणला, बाहेरच्या उन्हात टिकणारं काळं आवरण असलेला. दुकानातच टोक खरवडून बघितलं. दुकानदाराला राग येत नाही, आला तर दुसरं दुकान. दुपारच्या उन्हात गेटपर्यंत एकसंध केबल ओढली, मधे जोड नाही. कॅमेऱ्याच्या पेटीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून ओघळत आलं तर झोळाच्या तळाशी टपकतं, कनेक्टरमध्ये जात नाही. आधीच्या कनेक्टरच्या पितळी पिना हिरव्या पडल्या होत्या, गेल्या पावसाळ्याची खूण. नवीन केबलचा लूप, म्हणजे तोच जाऊन परत येणाऱ्या वाटेचा रोध, मोजला, १२.३ ओहम.

संध्याकाळी दिवे लागले, मान फिरली, टेस्टर २५.५ वर स्थिर. कॅमेऱ्याकडे ४९ व्होल्ट. मालकांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत मॉनिटरवरचा गोदामाचा चौकोन काळा झाला.

"एक लावला तर दुसरा पडायलाय," मालक म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. मला मात्र आदल्या दिवशीचं त्यांचंच वाक्य आठवलं, कधी कधी गोदामाचाही जातोय. ते मी ऐकलं होतं आणि गेटच्या मागे लागून बाजूला ठेवलं होतं. गेटचा कॅमेरा रात्रभर पडत-उठत असल्यामुळे त्याचा भार मधेमधे सुटायचा आणि गोदामाच्या कॅमेऱ्याला जगायला जागा मिळायची. गेटचा बरा झाला, तो पूर्ण वीज घ्यायला लागला, आणि आता दुसरं दुखणं कायमचं वर आलं.

स्विच उलटा करून लेबल वाचलं. समोर मोठ्या अक्षरात प्रत्येक पोर्टला ३० वॉट. मागे बारीक अक्षरात एकूण पीओई बजेट १२० वॉट. सोळा पोर्टांना तीस-तीस म्हणजे ४८० झाले असते, पण आतल्या पॉवर सप्लायची ताकदच १२० ची. मोठ्या घरात दहा नळ असतात आणि वर टाकी एकच असते, तसं हे. एका वेळी सगळे सोडले की शेवटच्या नळाला थेंब येत नाही. टेस्टर एकेका पोर्टला लावून बाराही साध्या कॅमेऱ्यांचं रात्रीचं खाणं लिहिलं. कोणी ७.४, कोणी ८.६. बेरीज ९७. त्यात पीटीझेडचे २५.५ मिळवले की १२२.५. दिवसा हीच बेरीज ६० च्या आत होती. भार हद्दीबाहेर गेला की असा स्विच सर्वांत कमी अग्रक्रमाचा पोर्ट कापतो. या स्विचवर एक नंबर पोर्ट पहिला आणि मोठ्या नंबरचा शेवटचा. गोदाम तेराव्या पोर्टवर होतं. मॅनेज्ड स्विच, म्हणजे ज्याची सेटिंग आपल्याला बदलता येतात असा, असता तर कोणता कॅमेरा आधी जगवायचा हे ठरवून देता आलं असतं आणि प्रत्येक पोर्ट किती ओढतो तेही पडद्यावर दिसलं असतं. इथे ती सोय नव्हती.

मालकांना वाटलं आता मोठा स्विच घ्यावा लागणार. गरज नव्हती. पीटीझेडला एटीचा एक पोर्टचा ३० वॉटचा इंजेक्टर दिला, यूपीएसवर. इंजेक्टर म्हणजे केबलमध्ये मधेच वीज घालणारा छोटा डबा. स्विचमधून त्याच्याकडे आता फक्त माहिती जाते, वीज इंजेक्टर देतो. स्विचवर राहिले ९७. मी एरवी बजेटच्या ८० टक्क्यांच्या वर भार ठेवत नाही. इथे ९७ म्हणजे हिशोबाने जरा जास्तच होतं, म्हणून मालकांना स्पष्ट सांगितलं, यावर आता एकही नवीन कॅमेरा लावायचा नाही. लाइट जाऊन आली की सगळे कॅमेरे एकदम जागे होतात, तेव्हाचा धक्का झेलायलाही थोडी जागा शिल्लक लागते.

तेवढ्यात मालकांचा मुलगा रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या शेडला तारेविना नेटवर्क पोचवणारा वायरलेस रेडिओ घेऊन आला. त्याचाही छोटा इंजेक्टर होता. तो काढून रेडिओ सरळ स्विचला लावायचा, एक सॉकेट वाचेल, असा त्याचा विचार. त्याने आधी लावून पाहिला होता, चालला नव्हता, म्हणून तो पोर्ट खराब आहे अशी समजूत करून त्यावर टेप चिकटवली होती. रेडिओच्या इंजेक्टरवर लिहिलं होतं २४ व्होल्ट. हे पॅसिव्ह पीओई. चौकशी नाही, विचारणा नाही, वायर लावली की २४ व्होल्ट सरळ आत. मानकातला स्विच असं करत नाही. तो आधी साधारण ३ ते १० व्होल्टच्या हलक्या दाबाने तार चाचपतो आणि समोर साधारण २५ किलोओहमचा रोध आहे का ते बघतो. ती ओळखीची खूण. मिळाली की थोडा दाब वाढवून उपकरण कोणत्या वर्गाचं, किती भूक आहे, हे विचारतो आणि मगच पूर्ण वीज सोडतो. या रेडिओकडे ती खूण नव्हती, म्हणून स्विचने वीज दिली नाही. पोर्ट ठणठणीत होता. मुलाला सांगितलं, याचा इंजेक्टर याच्यापाशीच राहू दे, आणि तो चुकूनही लॅपटॉपला किंवा कॅमेऱ्याला लावू नको. तो न विचारता वीज ओततो, जळलेलं परत येत नाही.

याच चौकशीपायी मी सुरुवातीच्या काळात एक चांगला स्विच बाद ठरवला होता. एका कापड दुकानात रिकाम्या पोर्टवर मल्टिमीटर लावला, ४८ व्होल्ट दिसतील अशा अपेक्षेने. काहीच स्थिर दिसेना, आकडा नुसता फडफडत होता. मी म्हटलं, पीओई मेलं. दुकानदाराने माझ्या शब्दावर नवीन स्विच घेतला. रिकाम्या पोर्टवर ४८ व्होल्ट नसतातच, तिथे फक्त चाचपणीचे हलके ठोके असतात, हे मला पुढे सहा महिन्यांनी कळलं. त्या दुकानात जाऊन मी ते सांगितलं आणि जुना स्विच त्यांच्या दुसऱ्या मजल्यावर बसवून दिला. तेव्हापासून पोर्ट तपासायचा तर चालणारं उपकरण लावून, मधे टेस्टर घालून, असाच तपासतो.

खरंच मेलेले पोर्टही असतात, त्यांची ओळख वेगळी. जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीत वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि पाच ते आठ असे चार पोर्ट एकदम गेले, बाकीचे चालू. चार शेजारचे एकत्र जाणं हा योगायोग नसतो. स्विचच्या आत पीओई सांभाळणारी चिप चार-चार किंवा आठ-आठ पोर्टांमागे एक असते, ती गेली की तिचं सगळं कुटुंब जातं. तिथे कॅमेऱ्याला वेगळ्या अ‍ॅडॉप्टरने वीज दिली तर त्याच पोर्टवर चित्र येत होतं. माहितीची बाजू जिवंत, विजेची मेलेली. उघड्या गच्चीवरच्या खांबावरून केबल आली होती, विजेचा अचानक झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर नव्हता, अर्थिंग नावालाही नव्हतं. या कारखान्याच्या गेटचा खांबही लोखंडी आणि उघड्यावर, म्हणून इथे दोन्ही करून घेतलं. मे महिन्यात आपल्याकडे वळीव आला की काय होतं ते सोलापूरकराला सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी पेटी घडीच्या खोलीत हलवली. बाकीच्या बारा केबल मोजल्या. सगळ्या त्याच मुलाम्याच्या. पण बहुतेक २०-३० मीटरच्या आत होत्या आणि आठ वॉटच्या कॅमेऱ्याला तिथे त्रास नव्हता. मालक म्हणाले, सगळ्याच बदलून टाका. मी नको म्हटलं. गोदामाची ६५ मीटरची तेवढी बदलली, कारण तिचे कनेक्टर उन्हाने तडकले होते. बाकीच्यांचे आकडे लिहून ठेवले. पुढच्या वर्षी परत मोजायचे, ज्याचा आकडा चढला असेल ती केबल तेव्हा बदलायची.

पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला. पोर्ट नंबर, कॅमेरा कुठला, केबल किती मीटर, लूपचे ओहम, दिवसाचे वॉट, रात्रीचे वॉट. खाली एकूण ९७ आणि त्यापुढे १२०. पंख्याची जाळी दर शनिवारी ब्लोअरने साफ करायची हे मालकांनी स्वतः त्या कागदावर तेलुगूत लिहिलं, म्हणजे खात्यातल्या सगळ्यांना वाचता येईल.

सातला मी गेटवर गेलो. मामा खुर्ची टाकून कॅमेऱ्याकडेच बघत बसले होते. लाल दिवे लागले. मान डावीकडे वळली, रस्त्यावर थांबली, परत उजवीकडे आली. मामांनी घड्याळ बघितलं आणि खुर्ची फिरवून तोंड रस्त्याकडे केलं.